एक टेकडी, तीन उंच्या

गेल्या हिवाळ्यात आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी दौलताबाद रस्त्यालगतच्या एका टेकडीला गेरूचे तीन थर बहाल केले. टेकडीत थर एकच आहे. तो मी गेली अठरा वर्षं दर हिवाळ्यात जाऊन पाहते: हातभर जाडीचा, विटकरी रंगाचा, खाली मांजऱ्या खडक, वर काळा पाषाण. एवढ्या वर्षांत त्याला भावंडं झाल्याचं माझ्या कानावर नाही. पण मुलांचे नकाशे टेबलावर आले तेव्हा पहिल्या गटाचा गेरू ६४२ मीटर उंचीवर होता, दुसऱ्याचा ५७८ वर आणि तिसऱ्याचा ६६९ वर. तिन्ही गट त्या दुपारी एकाच थराला पाठ टेकून, एकमेकांच्या बाटल्यांतलं पाणी पीत बसले होते. याचा फोटो आहे. फोटोवर अक्षांश-रेखांशसुद्धा आहेत.

तक्रार कुणाकडे करायची, एवढाच प्रश्न आहे. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर आहेत. फोन बनवणारे कुठे आहेत ते खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि माझा चष्मा घरी राहिलेला असतो. मुलं परीक्षेत आहेत. राहिले वाचक.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर माझी तक्रार किरकोळ वाटेल. (ती किरकोळच आहे, पण तिला शास्त्रीय आधार आहे.) आपला मराठवाडा जवळजवळ सगळा लाव्ह्यावर बसलेला आहे. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, निवला. मग पुन्हा आला. असे थरांवर थर चढले आणि झीज होऊन उरलेले थर आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले आहेत. भूशास्त्रात त्यांना ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. सातारा डोंगराकडे किंवा म्हैसमाळला चढताना मान वर केली की पायऱ्या दिसतातही. दोन लाव्ह्यांच्या मधे निसर्गाने जी सुट्टी घेतली, त्या सुट्टीत खालच्या खडकाचा माथा कुजून लाल झाला आणि पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघाला. तो गेरू. पुस्तकात त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. एक लाव्हा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे सांगणारी आमच्याकडची ती सगळ्यात सरळ खूण.

आता पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी बहुतेक घड्या पडलेले, उभे-आडवे झालेले, कललेले खडक पाहिलेले असतात. म्हणून फील्डवर जाणाऱ्या मुलाला सर्वांत आधी शिकवतात स्ट्राइक आणि डिप: थर कुठल्या दिशेने गेलाय आणि किती अंशांनी कललाय. आमचे थर फारसे कलतच नाहीत. क्लिनोमीटर लावला, शून्य. पलीकडच्या टेकडीवर नेऊन लावला, शून्य. चांगला महागाचा कंपास विभागाने एकदा खरेदी केला, तोही शून्यच दाखवतो, फक्त जास्त भारदस्तपणे.

थर आडवे असले की नकाशासाठी एकच गोष्ट उरते: उंची. गेरू किती मीटरवर आहे ते कळलं, की कंटूर धरून तो अख्ख्या टेकडीभोवती ओढता येतो. म्हणजे आम्हाला ‘कुठे’ हे जरा इकडेतिकडे चाललं असतं. ‘किती उंच’ हे मात्र चोख हवं होतं. जीपीएसचं नेमकं उलट. मोकळ्या माळावर जागा ते चार-पाच मीटरच्या आत सांगतं, उंचीत मात्र त्याची चूक दीडपट-दुप्पट होते. कारण साधं आहे. उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. ज्या गावाला जायचं नाही त्या गावचा रस्ता हे यंत्र अगदी बिनचूक सांगतं.

विभागाकडे असे चार हँडसेट आहेत. चौघांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहे, आणि त्या रजिस्टरात गेलेली वस्तू वापरायची नसते, सांभाळायची असते. कपाटाची किल्ली मामांकडे. (मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट; कॉलेजात सगळ्यांचे ते मामाच.) मामा प्रत्येक हँडसेट सही घेऊन देतात आणि देताना म्हणतात, ‘‘मॅडम, पडू देऊ नका.’’ हातोडी देताना असं ते कधी म्हणाले नाहीत.

एका हँडसेटला दोन पेन्सिल सेल लागतात. चार हँडसेट, तीन दिवस, चोवीस सेल. कार्यालयाच्या मते चोवीस पेन्सिल सेलांचा अर्थ एकच असतो: मॅडमच्या घरचे रिमोट. त्यामुळे अर्जावर ‘भूवैज्ञानिक नकाशाकरणाकरिता’ असं लिहावं लागलं. मंजुरी आली, बिल आलं, सेल आले. त्यातले सहा दुकानातच मेलेले होते. ते परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, घड्याळात चालतील. घड्याळात चालले.

वर्षभर कपाटात झोपलेला हँडसेट जागा होतो तेव्हा आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. आपण शेवटी कुठे होतो एवढंच आठवतं. आमचे हँडसेट शेवटी लोणारला गेले होते. त्यामुळे दौलताबादच्या फाट्यावर उभे राहून चारही यंत्रं स्वतःला त्या पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या विवरात समजत होती. मग ती उपग्रहांचं पंचांग नव्याने उतरवून घेतात. त्या पंचांगाला सबंध उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. आम्हाला चाळीस लागली, कारण सेल वाचावेत म्हणून मुलं मधेमधे यंत्र बंद करत होती.

‘‘मॅडम, सॅटेलाइट भेटंना.’’

‘‘किती भेटले?’’

‘‘तीन.’’

‘‘चार लागतात.’’

‘‘चौथा बाभळीमागं अडकलाय.’’

मी विद्यार्थिनी होते तेव्हा हे यंत्र आमच्या विभागात एकच होतं आणि त्याला हात फक्त विभागप्रमुख लावत. तेव्हा अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. शंभर-शंभर मीटर इकडेतिकडे. २ मे २००० पासून त्यांनी ते बंद केलं. ही फार मोठी सोय झाली असं सगळे म्हणतात. मला मात्र एक गैरसोय दिसते. तोवर नकाशा चुकला की अमेरिकेचं नाव सांगता येत होतं.

तर उंच्या. चौकशी मी स्वतः केली. हँडसेटचे सेल पुरवायचे म्हणून मुलांनी उंचीसाठी आपापले फोन काढले होते. पहिल्या गटाचं ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची देत होतं, म्हणजे सरकारी नकाशाच्या, टोपोशीटच्या, जवळची. दुसऱ्या गटाचं ॲप जीपीएसची कच्ची उंची देत होतं. ती मोजली जाते एका कल्पित पृथ्वीपासून. घोटून गुळगुळीत केलेला, वरून-खालून किंचित दाबलेला लाडू समजा. खरा समुद्र त्या लाडवाशी चिकटून राहत नाही. जिथे गुरुत्वाकर्षण उणं, तिथे तो खाली बसतो. आणि जगात तो सगळ्यात खोल बसलाय तो आपल्याच अंगणात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, शंभरावर मीटर. त्या खळग्याची उतरण पार आपल्यापर्यंत पोचते. त्यामुळे इथली समुद्रसपाटी लाडवाच्या पृष्ठभागापेक्षा साठ-सत्तर मीटर खाली आहे. ज्या शहराची उंची आम्ही शाळेत ५६८ मीटर पाठ केली, ते दुसऱ्या गटाच्या फोनमध्ये पाचशेच्या आसपास घुटमळत होतं. मुलांना त्यात काही खटकलं नाही. त्यांनी शहरच खाली नेलं आणि गेरूलाही सोबत घेतलं.

तिसऱ्या गटातला फोन महागातला. त्यात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर होता. दाब कमी झाला की तो समजतो, मालक चढ चढला. मुलांनी सकाळी निघताना, साडेनऊच्या सुमारास, शहराची उंची त्यात नीट लावून घेतली होती. म्हणजे पद्धत पुस्तकाप्रमाणेच. पण दख्खनच्या पठारावर हवेचा दाब रोज सकाळी नऊ-दहाला चढतो आणि दुपारी चार-पाचला उतरतो. तुम्ही जागचे हललात नाहीत तरी फोनच्या हिशोबाने वीस-तीस मीटर वर जाता. म्हणजे आमच्या जिल्ह्यातली प्रत्येक टेकडी रोज दुपारी वाढते आणि रात्री पुन्हा खाली बसते. गेरू त्यांनी मोजला चारला.

यात नवीन काहीच नाही, हे जास्त लागतं. कंपनी सरकारच्या नोकरीतला कर्नल साइक्स बॅरोमीटर घेऊन दख्खनभर फिरला. हवेच्या या रोजच्या भरती-ओहोटीवर त्याने १८३५ साली निबंध छापला आणि दख्खनच्या खडकांवर दुसरा १८३६ साली. दोन विषय एकाच माणसाच्या डोक्यात होते म्हणून बरं. आमच्याकडे हवा भूगोलवाल्यांकडे असते, खडक आमच्याकडे, आणि दोन्ही विभागांच्या मधे एक जिना आहे जो गेली कित्येक वर्षं रंगकामासाठी बंद आहे.

उंचीचा हा घोळ एकदा कळला की मन शांत व्हावं. पण मग वह्या तपासायला घेतल्या.

हल्लीचे फोन अक्षांश दशांश चिन्हापुढे आठ आकड्यांपर्यंत दाखवतात. मुलं आठही आकडे उतरवून घेतात, तेही लाल पेनने, चौकटीत. चौथा आकडा म्हणजे जमिनीवर अकरा मीटर, पाचवा म्हणजे मीटरभर. आठव्या आकड्यापर्यंत आलं की आपण मिलिमीटरवर पोचतो. ज्वारीचा दाणा त्याहून मोठा असतो. फोन पाच मीटर इकडे की तिकडे हे सांगू शकत नाही, पण ज्वारीच्या दाण्याच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत ते वहीत आहे. त्याच पानावर ‘खडकाचे वर्णन’ या रकान्यात एक शब्द होता: काळा.

मी विचारलं, ‘‘काळा म्हणजे? भोकं होती का? भोकांत पांढरं काही भरलेलं होतं? झिओलाइट? फोडून पाहिलं?’’

‘‘मॅडम, लोकेशन घेतलंय ना.’’

म्हणजे खडकाने वाटल्यास तिथेच थांबावं. परत कधी गरज पडली तर जाऊन पाहू.

दुसऱ्या एका वहीत देवगिरी सापडेना. मुलगा हुशार आहे. त्याने हँडसेटवरचं १९ अंश ५६ मिनिटं हे नीट वाचलं आणि संगणकात भरताना सुटसुटीत करून १९.५६ लिहिलं. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नसतात. ५६ मिनिटं म्हणजे दशांशात जवळजवळ ९३. या एका टिंबाने किल्ला चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकला आणि थेट जायकवाडीच्या अंगाला जाऊन उतरला. पाण्यात की काठावर, यावर वर्गात दोन तट पडले. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथे आणली, त्याला इतिहासाने आजवर माफ केलेलं नाही. त्याने निदान किल्ला जिथल्या तिथे ठेवला होता.

टोपोशीटचं दुखणं वेगळं. आम्हाला जो भाग लागतो तो नेहमी कागदाच्या कडेला असतो. शहर ४७ एम/५ मध्ये, दौलताबाद ४७ एम/१ मध्ये, वेरूळ-खुलदाबाद ४६ पी/४ मध्ये, आणि जरा फुलंब्रीकडे सरकलात की ४६ पी/८. चारही शीटांचे कोपरे खुलदाबादच्या पूर्वेला काही किलोमीटरवर एकमेकांना भेटतात, आणि दर वर्षी आमचं फील्ड नेमकं तिथे आसपास असतं. चार झेरॉक्स चिकटपट्टीने जोडायच्या, मग कळतं की एक झेरॉक्स यंत्राने कागदात बसावी म्हणून जराशी लहान केलेली आहे. त्या शीटमधली गावं एकमेकांच्या थोडी जवळ आली आहेत. तेवढाच एकोपा.

आणि त्यावर हँडसेटचा बिंदू टाकला, की बिंदू नाल्याच्या भलत्याच काठावर पडतो. याचं कारण जुन्या शीटा ज्या लाडवावर बेतल्या आहेत तो सर्वेक्षक एव्हरेस्टचा १८३० सालचा, आणि उपग्रहांचा लाडू वेगळा. एव्हरेस्टच्या लाडवामागे त्याच्या आधीच्या सर्वेक्षकाचं, लॅम्ब्टनचं, आयुष्य आहे. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट ओढत तो भारताच्या मध्यातून उत्तरेकडे मोजत निघाला आणि १८२३ साली हिंगणघाटला वारला. थडगं तिथेच आहे. दोन लाडवांत इथे शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. पन्नास हजारी नकाशावर दोन-अडीच मिलिमीटर. हँडसेटमध्ये एक खूण बदलली की हिशोब जुळतो. ती खूण मेनूच्या पाचव्या पानावर आहे आणि एका हँडसेटचं पुढच्या पानावर जाण्याचं बटण दबत नाही. लॅम्ब्टनने हा प्रश्न कसा सोडवला असता ते सांगता येत नाही, पण मामांनी सोडवला. त्यांनी बटणावर पेनाचं टोपण चिकटवून दिलं.

कंपासबद्दल मी बोलणार नव्हते. पण फोनच्या पाकिटासारख्या कव्हराला चुंबक असतं, आणि तो फोन मुलं क्लिनोमीटरशेजारीच धरतात, रीडिंग लगेच टाइप करता यावं म्हणून. एका अख्ख्या गटाची उत्तर दिशा दिवसभर कव्हर ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला होती. मी बसाल्टमधल्या मॅग्नेटाइटने सुई हलते यावर वीस मिनिटं तपशीलवार समजावून सांगितलं. मग कव्हर दिसलं.

किल्ल्याच्या पायथ्याशी जाणं दर वर्षी होतंच. तिथे हातोडी आत नेता येत नाही, ते योग्यच आहे. मुलं मग हँडसेट घेऊन खंदकाच्या काठावर गेली. डोंगर चहूबाजूंनी तासून उभा केलेला, निम्मं आकाश कड्याने खाल्लेलं. सिग्नल एक सरळ येतो, एक भिंतीवर आपटून येतो, आणि यंत्र दोघांवर सारखाच विश्वास ठेवतं. बिंदू खंदकाच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारत होता. जे काम करायला शत्रूच्या फौजांना महिने लागत, ते आमच्या हँडसेटने चहा येईपर्यंत चारदा केलं.

फोटोंचं सांगायचं राहिलं. पूर्वी खडकाचा फोटो काढताना मोजमापासाठी हातोडी ठेवायची पद्धत होती, नाणं किंवा पेन तरी. आता मूल्यांकनाच्या फायलीसाठी प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, छोटा नकाशा आणि पत्ता छापलेला लागतो. त्याचं ॲप मिळतं. हा मजकूर फोटोच्या खालच्या तिसऱ्या भागात छापला जातो. गेरू आणि मांजऱ्या खडकाची जोडरेषा, ज्यासाठी आपण कुसळांतून अर्धा तास चढलो, ती नेहमी फोटोच्या खालच्या तिसऱ्या भागात असते. उरलेल्या वरच्या दोन भागांत मुलं रांगेत उभी असतात. पत्त्याच्या जागी ॲपने लिहिलं होतं: ‘अननेम्ड रोड’. त्या वाटेला गावात पांदण म्हणतात, ती ज्या वावरातून जाते त्या वावराला नाव आहे, वावराच्या बांधावरच्या लिंबालाही नाव आहे. पण तो भाग बाहेरून आलेल्याला कळावा अशी अपेक्षाच नाही. मुलांनी अहवालात लिहिलं: ‘अभ्यासक्षेत्र अननेम्ड रोडवर वसलेले आहे.’

एवढं सगळं चुकीचं सांगणारं हे यंत्र एका बाबतीत मात्र कमालीचं खरं बोलतं. ते चालल्या वाटेची रेघ साठवत जातं. संध्याकाळी रेघा संगणकावर उतरवल्या तेव्हा दिसलं, की दुसरा गट सकाळी अकरा ते बारा वाजून चाळीस मिनिटं रसवंतीत होता. वहीत त्या वेळात सहा थांबे, सहा खडकांची वर्णनं: काळा, काळा, काळा, करडा, काळा, काळा. मी त्यांना उभं करणारच होते. तेवढ्यात मामांनी चौथ्या हँडसेटची रेघ उघडली. तो माझ्या पिशवीत होता. ती रेघ किल्ल्यासमोरच्या सीताफळांच्या टोपल्यांपाशी पस्तीस मिनिटं गोल गोल फिरत होती, पाच मीटरच्या आत. विषय तिथेच संपला.

तर त्या तीन गेरूंचा निकाल लागायचाच होता. तिसऱ्या दिवशी आम्ही टेकडीच्या मागच्या अंगाला गेलो. तिथे पठारावर एक विहीर आहे, टोपोशीटवर ती ६४० आणि ६६० च्या कंटूरांच्या बरोबर मधे येते. विहिरीचे मालक, वयस्कर काका, बसून होते. मी विचारलं, विहिरीत तांबडं कुठे लागलं? ते म्हणाले, ‘‘गेरू ना? साडेतीन परसावर.’’

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. मला फार आनंद झाला. मुलांना सांगितलं, लिहा, हे खरं मोजमाप, ना सेल ना सिग्नल. एका मुलीने लिहिता लिहिता विचारलं, ‘‘काका, पण माणूस कुठला धरायचा?’’

काकांनी विचार केला. विहीर त्यांच्या आज्याने खोदली होती. परस आज्याचा.

‘‘आजोबा उंच होते?’’

‘‘लई. तुमच्या मॅडमच्या दीडपट.’’

म्हणजे इथेही लाडू वेगळाच होता. शेवटी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला आणि दोरी टेपने मोजली. आठ मीटर. साडेसहाशेतून आठ गेले, ६४२. पहिल्या गटाने आरोळी ठोकली. त्यांच्या ॲपला दहा मीटरची चूक सहज होऊ शकली असती आणि माझ्या ‘बरोबर मधे’ला पाच मीटरची, हे मी सांगायला तोंड उघडलं, पण ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. सगळे विहिरीवर फोटो काढत होते. फोटोवर अक्षांश-रेखांश येत होते.

याच गडबडीत तीन नंबरचा हँडसेट गेला. टोपण चिकटवलेला. ज्या मुलाकडे होता त्याने उतरताना उतारावर एक शेवटचा थांबा घेतला, बिंदू साठवला, हँडसेट दगडावर ठेवला आणि बुटातली कुसळं काढली. मग बस लागल्याची हाक आली. शहरात परतल्यावर लक्षात आलं. मी त्याला रागावले नाही, फक्त विचारलं, तो थांबा नेमका कुठे होता? वहीत लिहिलाय का?

‘‘नाही मॅडम. वेपॉइंट सेव्ह केलाय ना. हँडसेटमध्ये.’’

दोन रविवार आम्ही जाऊन शोधलं. टेकडीवर दगड पुष्कळ आहेत आणि एका शब्दात सांगायचं तर सगळे काळे आहेत. नाइलाजाने मी निर्लेखनाचा प्रस्ताव दिला. त्यात ‘वस्तू हरवल्याचे ठिकाण’ असा रकाना आहे. मी लिहिलं: दौलताबाद रस्त्यालगतच्या टेकडीच्या उत्तर उतारावर, गेरूच्या थराच्या थोडे वर. प्रस्ताव आठ दिवसांनी परत आला. लाल शाईत शेरा होता: ‘ठिकाण नेमके नमूद करावे.’

तेव्हा वाचकांपैकी कुणी त्या बाजूला सीताफळं घ्यायला गेलात आणि टेकडीच्या उतारावर पेनाचं टोपण चिकटवलेला पिवळा हँडसेट दिसला, तर कृपा करून तो उचलू नका, हलवूही नका. फक्त चालू करून त्यावरचा आकडा लिहून घ्या आणि कळवा. आठ आकडे नकोत, पाच पुरेत. आतले सेल आतापर्यंत नक्की मेले असतील. दोन सोबत न्या.